रँडचे दहा आठवडे

वॉल्टर चार्ल्स रँड हे पूर्ण नाव महाराष्ट्रात फार थोड्यांना सांगता येईल. नुसता 'रँड' म्हटला की मात्र पुढचे सगळे आपोआप आठवते: २२ जून १८९७, गणेशखिंड, चापेकर बंधू. शाळेच्या पुस्तकात हा माणूस ज्या परिच्छेदात येतो त्याच परिच्छेदात मरतो. त्यामुळे त्याने नेमके काय केले, कोणत्या अधिकाराने केले, आणि प्लेगच्या साथीत कलेक्टरच्या हाताखालच्या एका अधिकाऱ्याच्या हाती अख्खे पुणे शहर कसे आले, हे विचारायचे राहूनच जाते. 'जुलमी होता' हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. जुलमी अधिकारी त्याच्या आधीही पुष्कळ होऊन गेले होते आणि त्यांच्यावर कोणी पिस्तूल रोखले नव्हते.

सुरुवात पुण्यात नाही, मुंबईत झाली. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागातला एक तापाचा रोगी डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी तपासला आणि हा प्लेग आहे असे निदान केले. व्यापारी आणि अधिकारी या दोघांनाही ते ऐकायला नको होते, कारण प्लेग जाहीर झाला की परदेशी बंदरे मुंबईचा माल अडवणार. झालेही तसेच. युरोपातल्या सरकारांनी दडपण आणले आणि हिंदुस्थान सरकारला काहीतरी ठोस केल्याचे दाखवणे भाग पडले. पुढे जी घाई झाली तिच्यामागे रोग्यांची काळजी किती आणि जहाजांची किती, हा हिशेब ज्याचा त्याने मांडावा. मला दुसरे पारडे जड वाटते.

मुंबईतून लाखो माणसे आगगाडीने, पायी, बैलगाडीने गावोगाव पांगली. त्यांच्याबरोबर रोगही पसरला. दख्खनमध्ये त्याच वर्षी दुष्काळ होता. जेमतेम दीड लाख वस्तीच्या पुण्यात फेब्रुवारी १८९७ संपेपर्यंत सरकारी नोंदीप्रमाणे २७१ माणसे प्लेगने गेली होती. ज्यांना जमले ते गाव सोडून निघाले.

इथे थोडे थांबून त्या वेळी प्लेगबद्दल काय ठाऊक होते ते पाहायला हवे, कारण पुढचा सगळा घोळ तिथून निघतो. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला अलेक्झांडर येर्सिनने शोधला होता. म्हणजे रोग जंतूमुळे होतो एवढे कळले होते. तो जंतू एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो कसा, हे मात्र कळले नव्हते. उंदराच्या अंगावरची पिसू हे त्याचे वाहन आहे, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखवले ते १८९८ मध्ये, आणि तेही सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. १८९७ च्या सरकारी डॉक्टरांची समजूत अशी होती की रोग घाणीत असतो, अंधाऱ्या कोंदट घरात असतो, रोग्याच्या कपड्यांत आणि अंथरुणात असतो, आणि रोग्याजवळ राहणाऱ्यांच्या अंगात लपलेला असतो.

ही समजूत एकदा धरली की उपाय आपोआप ठरतात. रोगी शोधा आणि इस्पितळात न्या. त्याच्या घरातल्या माणसांना वेगळ्या छावणीत ठेवा. घर धुऊन काढा, चुना मारा, जमीन उकरा, छपराला भोक पाडून ऊन आत घ्या, चिंध्या आणि अंथरुणे जाळा. यातले एकही पाऊल उंदराच्या वाटेला जात नव्हते. उलट जमिनी उकरल्या, बिळे मोडली की उंदीर शेजारच्या वाड्यात जाणार.

गंमत म्हणजे, घरात उंदीर पडायला लागले की घर सोडायचे, एवढे ज्ञान प्लेग पाहिलेल्या डोंगराळ भागातल्या खेडुतांना होते. पुढे महाराष्ट्रातल्या गावोगावच्या लोकांनीही तेच केले. उंदीर मेलेले दिसले की गाव उठून माळावर झोपड्या घालून राहायचे. त्यांना पिसू माहीत नव्हती, पण उपाय बरोबर सापडला होता.

आता कायदा. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा अमलात आला. हिंदुस्थानातल्या सगळ्यात छोट्या कायद्यांपैकी हा एक, चार कलमांचा. पहिले कलम नाव आणि व्याप्तीचे. दुसऱ्यात खरा ऐवज आहे: धोकादायक साथ आली आणि चालू कायदे पुरेसे नाहीत असे सरकारला वाटले, तर सरकार कोणतेही उपाय करू शकते किंवा ज्याला हवे त्याला ते करण्याचे अधिकार देऊ शकते. कोणते उपाय, त्यांची मर्यादा काय, हे जवळजवळ मोकळे सोडलेले. तिसरे कलम म्हणते की हुकूम मोडणाऱ्याला दंडसंहितेच्या कलम १८८ खाली शिक्षा. आणि चौथे कलम: या कायद्याखाली सद्भावनेने केलेल्या कोणत्याही गोष्टीबद्दल कोणावरही दावा किंवा खटला चालणार नाही.

दुसरे आणि चौथे कलम एकत्र वाचा. अधिकार अमर्याद आणि जबाब द्यायला कोणी बांधील नाही. एखाद्या शिपायाने आगळीक केली तर फिर्याद घेऊन जायचे ते त्याच्याच वरिष्ठाकडे. रँडचा स्वभाव कसा होता यापेक्षा हे जास्त महत्त्वाचे आहे असे मला वाटते. स्वभाव बदलीबरोबर बदलतो, कलम जागेवर राहते.

तरी स्वभावाचाही वाटा होताच. रँड मुंबई इलाख्यातला आय.सी.एस. अधिकारी. सातारा जिल्ह्यात असिस्टंट कलेक्टर असताना, १८९४ मध्ये, मशिदीसमोर वाद्ये वाजवण्यावरून वाईत वाद पेटला. हुकूम मोडून वाजवल्याबद्दल त्याने गावातल्या प्रतिष्ठित हिंदूंना तुरुंगात धाडले. पुण्याच्या वृत्तपत्रांनी ते प्रकरण लावून धरले होते. म्हणजे हा माणूस पुण्यात आला तो आधीच नाव कमावून. समजुतीने घेण्यापेक्षा हुकूम बजावणारा अशी त्याची ख्याती होती, आणि बहुधा त्याच गुणासाठी गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्टच्या सरकारने त्याला निवडला.

८ मार्च १८९७ रोजी पुण्यासाठी खास प्लेग समिती नेमली गेली. अध्यक्ष रँड, सोबत लष्कराचे कर्नल फिलिप्स आणि लष्करी डॉक्टर बेव्हरिज. लोकांनी पुढे रँडला 'प्लेग कमिशनर' म्हटले. तिसऱ्याच दिवशी, १० मार्चला, सावित्रीबाई फुले गेल्या. त्या आणि त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत पुण्याबाहेर माळावर प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करत होते, आणि तिथेच त्यांना लागण झाली. पुण्याच्या प्लेगची गोष्ट आपण रँड आणि चापेकर एवढ्यातच आवरती घेतो, म्हणून हे इथे सांगावेसे वाटले.

समितीने १३ मार्चला काम सुरू केले. सर्वांत वादग्रस्त निर्णय पहिल्याच दिवशी झालेला होता: घरझडतीला गोरे सोल्जर. डरहॅम लाइट इन्फंट्रीचे शिपाई आणि काही देशी सैनिक मिळून जवळपास ९०० जण मेजर पॅजेटच्या हाताखाली या कामावर होते. रँडचा हिशेब सरळ होता. सैनिक हाताशी आहेत, शिस्तीत काम करतात, आणि पालिकेच्या कारकुनासारखे चिरीमिरी घेऊन रोगी लपवू देणार नाहीत. कागदावर हिशेब चोख. पण ज्या घरात परजातीचा माणूसही ओसरीच्या पलीकडे जात नसे, त्या घरात बूट घातलेला, मराठीचा एक शब्द न कळणारा, बंदूकधारी गोरा शिपाई स्वयंपाकघरापर्यंत येणार, हे त्या हिशेबात कुठे बसवले होते कोण जाणे.

रोजचे काम असे चाले. एखादी आळी किंवा पेठ ठरवायची, नाकेबंदी करायची, मग तुकड्या घरोघर शिरायच्या. दार बंद असेल तर तोडायचे. घरातली सगळी माणसे बाहेर काढून तपासायची. इथे प्लेगचे लक्षण समजून घेतले पाहिजे. या प्लेगात गाठ येते ती काखेत, मानेवर आणि मुख्यतः जांघेत. म्हणजे तपासायचे तर कपडे बाजूला करावे लागणार. पुरुषांची, बायकांची, म्हाताऱ्यांची तपासणी घराच्या अंगणात, कधी रस्त्यावर, शेजाऱ्यांच्या देखत झाल्याच्या तक्रारी आहेत. डॉक्टराच्या खोलीत जी गोष्ट साधी तपासणी ठरली असती, ती वाड्याच्या चौकात शिपायाने केली की अब्रूवर घाला ठरते.

संशयित रोगी इस्पितळात, घरचे छावणीत. कोणाला साधा ताप असला तरी तो जाई, आणि तिथून परत येणारे थोडेच, कारण प्लेगवर औषध नव्हतेच. त्यामुळे इस्पितळ म्हणजे मरायची जागा, हा समज घट्ट झाला. मृत्यूची नोंद केल्याशिवाय अंत्यविधीला परवानगी नाही, असाही हुकूम होता. माणूस गेल्याचे दुःख बाजूला, आधी कागद. रिकाम्या घरातून वस्तू नाहीशा झाल्याच्या, देवघरातल्या मूर्ती फेकल्याच्या, सामानाची विनाकारण होळी केल्याच्या तक्रारींचा पाऊस पडला.

समितीचे म्हणणे नेमके उलटे आहे. तिच्या अहवालाप्रमाणे शिपायांवर कडक नजर होती, लोकांच्या चालीरीती शक्य तेवढ्या सांभाळल्या, आणि स्त्रीच्या विनयभंगाची विश्वास ठेवण्याजोगी एकही तक्रार आली नाही. यातले 'विश्वास ठेवण्याजोगी' हे विशेषण पाहा. तक्रार करायची ती समितीकडे, ती विश्वासार्ह की नाही ते ठरवणार समिती, आणि निकाल जाहीर करणारीही समितीच.

या तक्रारींचे काय होत असे याचा अनुभव गोपाळ कृष्ण गोखल्यांनी घेतला. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला ते विलायतेत गेले होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी तिथल्या एका वृत्तपत्रात सांगितले की सोल्जरांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केले आणि त्यातल्या एकीने जीव दिला. परत आल्यावर पुरावा मागितला गेला. पत्रे लिहिणाऱ्यांची नावे उघड केली तर त्यांचे काय होईल हे गोखल्यांना ठाऊक होते. त्यांनी नावे दिली नाहीत आणि बिनशर्त माफी मागितली. त्या माफीचा डाग त्यांना पुढे अनेक वर्षे सोसावा लागला. घटना घडली नाही असे या माफीने सिद्ध होत नाही, आणि घडली असेही माफीमागच्या कारणाने सिद्ध होत नाही. मोकळी चौकशी झालीच नाही, एवढेच खात्रीने म्हणता येते.

टिळकांची भूमिका आपण समजतो त्यापेक्षा गुंतागुंतीची होती. प्लेगविरुद्ध काहीच करू नये असे त्यांचे म्हणणे कधीच नव्हते. रोगी वेगळे ठेवलेच पाहिजेत हे त्यांना मान्य होते. हिंदू प्लेग इस्पितळ उभे करण्यात त्यांनी पुढाकार घेतला, आणि शहर सोडून पळालेल्या पुढाऱ्यांना केसरीतून चांगलेच झोडपले. स्वतः ते पुण्यातच राहिले. त्यांचा आक्षेप रीतीवर होता, आणि मेपर्यंत केसरीची भाषा फार कडक झाली होती.

तोच कायदा हातात असताना वेगळे काही करता आले असते का? मुंबईकडे पाहिले तर हो म्हणावे लागते. तिथे ऑक्टोबर १८९६ मध्येच गिरणी कामगारांनी आर्थर रोड इस्पितळावर हल्ला केला होता. मार्च १८९७ मध्ये तिथल्या प्लेग समितीचा प्रमुख झाला तो ब्रिगेडियर गॅटेकर, म्हणजे चक्क लष्करी माणूस. पण त्याने जातीजमातींच्या प्रमुखांना बोलावले, ज्याच्या त्याच्या समाजाची इस्पितळे काढायला उत्तेजन दिले, झडतीच्या वेळी त्या वस्तीतली वजनदार माणसे बरोबर घेतली. सक्ती तिथेही होती आणि मार्च १८९८ मध्ये मुंबईत दंगल उसळलीच. तरी सनदी अधिकाऱ्याने पुण्यात सोल्जर घातले आणि सेनाधिकाऱ्याने मुंबईत पंचांना चहाला बोलावले, असा तो उलटा प्रकार.

१९ मे रोजी पुण्यातली मोहीम थांबली. दहा आठवडे. सरकारी हिशेबाने पुण्यात तोवर दोन हजारांवर माणसे प्लेगने मेली होती. उन्हाळ्याबरोबर साथ ओसरली. प्लेगची पिसू कोरड्या कडक उन्हाळ्यात टिकत नाही, हे आज आपल्याला माहीत आहे. त्या वेळी श्रेय समितीला गेले.

पुढचा महिना राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला ६० वर्षे झाल्याच्या सोहळ्याचा. २२ जूनला रात्री गणेशखिंडीतल्या गव्हर्नरच्या बंगल्यावर मेजवानी होती. टेकड्यांवर होळ्या पेटवल्या होत्या, आतषबाजी चालू होती. तो बंगला म्हणजे आजच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत.

चिंचवडचे कीर्तनकार हरिपंत चापेकर यांचे मुलगे दामोदर आणि बाळकृष्ण गणेशखिंडीच्या रस्त्यावर दबा धरून होते. त्यांना केवळ प्लेगने घडवले असे म्हणणे सोयीचे आहे, पण दामोदरने तुरुंगात लिहिलेल्या आत्मवृत्तात वेगळे चित्र दिसते. इंग्रजी राज्य आणि ख्रिस्ती धर्माविषयी संताप, तालीम, तरुणांचे मंडळ हे सगळे प्लेगच्या आधीपासून चालू होते. समाजसुधारकांवरही त्याचा राग होता. मुंबईतल्या राणीच्या पुतळ्याला डांबर फासून गळ्यात जोड्यांची माळ घातल्याचेही त्याने कबूल केले. प्लेगच्या दहा आठवड्यांनी त्या रागाला एक चेहरा दिला, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे गावाची मूक संमती मिळवून दिली.

मेजवानीला जाताना रँडची गाडी त्यांनी जाऊ दिली. मध्यरात्रीच्या सुमारास ती परत निघाली तेव्हा दामोदर मागून धावला. 'गोंद्या' ही खुणेची हाक ठरली होती. त्याने गाडीच्या मागे चढून पडदा सारला आणि अगदी जवळून गोळी झाडली. बाळकृष्ण थोडा मागे होता. पाठोपाठच्या गाडीतल्या लेफ्टनंट आयर्स्टवर त्याने गोळी झाडली. आयर्स्ट बायकोच्या शेजारी बसल्या जागीच मेला. कटाचा रोख त्याच्यावर नव्हता.

रँड लगेच मेला नाही. त्याला ससून इस्पितळात नेले, आणि ३ जुलैला तिथे त्याचा अंत झाला. अकरा दिवस.

त्या अकरा दिवसांत आणि नंतर सरकारने जे केले त्याचा फटका पुण्याला रँडच्या झडतीपेक्षा कमी बसला नाही. जादा पोलीस बसवले, त्यांचा खर्च पुणेकरांच्या डोक्यावर. मारेकऱ्यांच्या माहितीसाठी २०,००० रुपयांचे बक्षीस. पुण्यातले सरदार नातू बंधू यांना १८२७ च्या एका जुन्या रेग्युलेशनखाली उचलले, ना आरोप ना खटला. २७ जुलैला टिळकांना अटक झाली. आरोप खुनाचा नव्हता, १५ जूनच्या केसरीतल्या मजकुराचा होता: शिवाजी उत्सवातल्या भाषणांचा वृत्तांत आणि एक कविता. न्यायमूर्ती स्ट्रेचींनी राजद्रोहाची व्याख्या इतकी ऐसपैस केली की सरकारविषयी कोणतीही वाईट भावना चेतवली तरी गुन्हा ठरावा. ज्यूरीत ६ युरोपियन आणि ३ हिंदी. ६ जणांनी दोषी म्हटले, ३ जणांनी निर्दोष. शिक्षा १८ महिने सक्तमजुरी. पुढच्याच वर्षी राजद्रोहाचे १२४-अ हे कलम दुरुस्त करून ती ऐसपैस व्याख्या कायद्यातच घातली गेली.

दामोदरचा पत्ता ब्रुइन या पोलीस अधिकाऱ्याला द्रविड बंधूंकडून लागला. १८ एप्रिल १८९८ रोजी दामोदरला येरवड्यात फाशी झाली. बाळकृष्ण निजामाच्या मुलखात पळाला होता, तोही पुढे सापडला. ८ फेब्रुवारी १८९९ रोजी धाकटा भाऊ वासुदेव आणि त्याचा साथीदार महादेव विनायक रानडे यांनी द्रविड बंधूंना रात्री घराबाहेर बोलावून गोळ्या घातल्या. त्या मे महिन्यात पाच दिवसांत तीन फाशा: ८ ला वासुदेव, १० ला रानडे, १२ ला बाळकृष्ण. चापेकरांच्या घरातले तिन्ही मुलगे संपले.

प्लेगला यातले काहीच कळले नाही. १८९७ च्या पावसाळ्यानंतर तो पुण्यात परतला, तोही आधीपेक्षा जोरात, आणि मग वर्षानुवर्षे येतच राहिला. हिंदुस्थानभर त्याने पुढच्या दोन-तीन दशकांत एक कोटीहून अधिक बळी घेतले. मुंबईच्या दंगलीनंतर सक्तीच्या झडत्या सरकारने हळूहळू सैल केल्या. जंतुशास्त्रज्ञ हाफकिनने जानेवारी १८९७ मध्ये स्वतःला टोचून पाहिलेली लस आणि घर सोडून माळावर जाणे यांवर भर आला.

चार कलमांचा कायदा मात्र कोणी हलवला नाही. स्वातंत्र्यानंतरही तो राहिला. मार्च २०२० मध्ये करोना आला तेव्हा महाराष्ट्र सरकारने नियम काढले ते त्याच्याच दुसऱ्या कलमाखाली, आणि संचारबंदी मोडणाऱ्यांवर गुन्हे दाखल झाले ते कलम १८८ खाली. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला करणाऱ्यांना कडक शिक्षा आली, आणि ती यायलाच हवी होती. घरात तपासायला आलेल्याने मर्यादा ओलांडली तर घरातल्याने कुठे जायचे, याबद्दल त्या दुरुस्तीत एक ओळही नाही. चौथे कलम होते तसेच आहे.